आज तुझा दिवस

भंडारा,
रविवार, २० ऑक्टोबर २०२४

लाडक्या टीनास,

तुझ्या आईने फोनवर मला बजावलं आहे की रेणूताई, आता हा पत्रांचा नाद पुरे. तिला सांग, मनगट माझं मोडलं आहे, तिचं नाही. खांबतलावाच्या पायरीवरून घसरले, प्लास्टर निघालं, पण बोटं अजून शाळेत नव्यानेच आलेल्या मुलांसारखी बिचकतात. आठवड्याला एक पत्र जमतं. हे काल सकाळी सुरू केलं आहे.

वहीतली माणसं मात्र एकशे बेचाळीस आहेत. एक्केचाळीस वर्षं प्रत्येकाला त्याच्या वाढदिवशी माझं कार्ड गेलं आहे. तू म्हणतेस, माझ्याच अक्षरात कॉम्प्युटर लिहील. मला ते थोडं चोरटं वाटतं, पण कार्ड न जाण्यापेक्षा बरं. केशवराव भाऊजींनी ऐकलं तेव्हा म्हणाले, "म्हणजे आता प्रेम बी मशीनच करन काय?" माझे मोठे दीर म्हणून ऐकून घेतलं.

तुझी आई दिवाळीला येईल तेव्हा फोनवर वहीचे फोटो काढून नेईल. नाव, गाव, तारीख असे तीन रकाने आहेत. तारखेचा रकाना अरुंद पडला म्हणून मी नुसते आकडे लिहिले. कॉन्व्हेंटच्या आमच्या सिस्टर इग्नेशिया असत्या तर पट्टी घेऊन उभ्या राहिल्या असत्या. त्या म्हणायच्या, महिन्याला नाव दिलेलं आहे, ते वापरा. ज्यांच्यापुढे पेन्सिलीची फुली आहे ते गेले, त्यांना कार्ड नको. आणि १ जुलैचे सत्तावीस जण दिसतील ते माझे साकोलीच्या शाळेतले विद्यार्थी. हेडमास्तरांनी नाव घालताना सगळ्यांना एकाच दिवशी जन्माला घातलं होतं.

मजकूर नेहमीचाच: "आज तुझा दिवस. सकाळपासून तुझी आठवण आहे. काहीतरी गोड कर आणि एक घास माझ्या नावाने खा." मोठ्यांना 'तुमचा'. वाढदिवस हा शब्द मी मुद्दाम घालत नाही. ज्याला आपला खरा वाढदिवस ठाऊक नाही, त्याला ओशाळं वाटू नये.

तुझी,
रेणूमावशी


पुणे,
२०२४-११-१०

प्रिय मावशी,

वरची तारीख पाहून चिडू नकोस. आम्ही अशीच लिहितो: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस.

आईने आणलेल्या फोटोंवरून मी सगळी वही टाइप केली. तू बाराखडी लिहून पाठवलीस त्यावरून तुझं अक्षरही तयार झालं. फक्त तू ज्ञ लिहायचा विसरलीस आणि तुझ्या वहीत तीन ज्ञानेश्वर आहेत. त्यांच्यासाठी मी ज्ञ माझ्या हाताने काढला आहे. ज्ञानेश्वरांना सांगू नकोस.

प्रोग्राम असा चालेल: तो रोजची तारीख वहीशी ताडून बघेल. महिन्याभराची कार्डं इथला एक छापखाना एकदम छापेल आणि ज्याच्या त्याच्या दिवसाच्या आधी पोस्टात टाकेल. कार्डावर तारीख महिन्याच्या नावासकट छापली जाईल, तुझ्या सिस्टरच्या नियमाप्रमाणे. वहीतले आकडे वाचून त्यांची तारीख करायचं काम मला करावं लागलं नाही. त्यासाठी कोणीतरी लिहून ठेवलेला तयार कोड मिळतो, तो वापरला. जगभर लोक वापरतात.

आणि मी तपासल्याशिवाय काही पाठवत नाही. माझी तारीख घातली, २७/९. बरोबर सत्तावीस सप्टेंबर. आईची १९/६, तुझी २२/४. तिन्ही अचूक. एक डिसेंबरपासून सुरू. तू आता फक्त बोटांचे व्यायाम कर.

टीना


एकोडी,
१० डिसेंबर २०२४

रेणू,

दहा वर्षं आणि सात महिने झाले. नावामागे काय लावावं ते सुचत नाही, म्हणून नुसतं रेणू.

तुझं कार्ड जवाहरनगरच्या जुन्या पत्त्यावरून फिरून इथे पोहोचलं. पोस्टमनने ते माझ्या भाच्याच्या, अंकुशच्या हातात दिलं. मी अंगणात लाखोळीची डाळ निवडत होते. तो म्हणाला, "आत्या, आमच्या शाळेच्या रेणूबाई तुले चिठ्ठ्या काहून लिहून राहिल्या?" मी अक्षर पाहिलं आणि सूप खाली ठेवलं.

वर तारीख, ३ डिसेंबर. खाली, आज तुझा दिवस.

मला वाटलं होतं तू विसरलीस. बारा मार्च लक्षात ठेवणं सोपं आहे, माझा वाढदिवस आहे, तुझ्या त्या लाल वहीत लिहिलेला आहे. तीन डिसेंबर कुठल्याच वहीत नाही. एकाहत्तर साली आपण सातवीत होतो. हॉस्टेलमध्ये सेंट झेवियरचा सण, प्रत्येकीला केकचा एक तुकडा. संध्याकाळी रेडिओवर लढाईची बातमी आली आणि सिस्टरांनी खिडक्यांना काळे कागद लावले. नागपूरच्या मुली म्हणाल्या, पहिला बॉम्ब जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीवर पडणार. माझे बाबा तिथे ड्यूटीवर होते. मी जेवले नाही. तू तुझा केक राखून ठेवला होतास, तो अर्धा मोडून मला दिलास आणि म्हणालीस, "खा. बॉम्बवाल्यांना भंडारा कुठे आहे ते सापडायचं नाही. या नागपूरच्या मुलींना कुठे ठाऊक आहे?" मी रडता रडता हसले. पुढे मॅट्रिकपर्यंत दर तीन डिसेंबरला तू अर्धा केक माझ्या हातावर ठेवायचीस आणि म्हणायचीस, आज तुझा दिवस.

अमेरिकेहून येऊन मला तीन वर्षं झाली. खुशबूची मुलं, माझी नातवंडं, मोठी झाली, मी इथे भावाकडे, डोमादादाकडे राहते. तुला कळवलं नाही. ज्या मैत्रिणीने मला निरोप द्यायला यायचेही कष्ट घेतले नाहीत, तिला काय कळवायचं, असं वाटलं. आजही ते विसरले नाही. पण कार्ड डाळीच्या डब्यात ठेवलं आहे, रोज हाताला लागतं.

एकच सांग. इतक्या वर्षांनी, एवढं सगळं झाल्यावर, तुला ते आठवत होतं?

रिता


भंडारा,
रविवार, १५ डिसेंबर २०२४

टीना,

तू काय करून बसली आहेस?

क्रमाने सांगते. केशवराव भाऊजींचा वाढदिवस पाच डिसेंबर. ते दोन गल्ल्या सोडून राहतात. त्या दिवशी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसून राहिले. पोस्टमन आला आणि गेला. सातव्या दिवशी माझ्याकडे आले, चहा घेतला नाही, खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले, "काहून रेणू, यंदा मी जलमलोच नाही काय?"

मग पार्वताबाईंचा फोन. त्यांचे यजमान चंद्रभान गुरुजी पाच वर्षांपूर्वी गेले. माझी पेन्सिलीची फुली फोटोत उमटली नसावी. त्यांच्या नावाने कार्ड गेलं, आठ डिसेंबरचं. गुरुजी जन्मले बारा ऑगस्टला. पार्वताबाई रागावल्या नाहीत, हेच मला जास्त लागलं. म्हणाल्या, "बाई, म्या फोटोपुढं वाचून दाखोलं. त्यायचा दिवस पोळ्याच्या आंधी रायते, पन तेथं कोन्तं कॅलेंडर चालते, आपल्याले काय मालूम. शिरा केला. एक घास तुमच्या नावानं खाल्ला."

हे मी सोसलं असतं. पण तू रिताला कार्ड पाठवलंस. ते पान मी कोपऱ्यात दुमडून ठेवलं होतं. फुली घालायचा धीर झाला नाही आणि कार्ड पाठवायचाही नाही, म्हणून दहा वर्षं ते पान दुमडलेलं आहे. हे मी तुला सांगितलं नाही, ती माझी चूक. पण तिची तारीख बारा मार्च आहे. तुझ्या यंत्राने तीन डिसेंबर कुठून आणली?

आणि तीन डिसेंबर म्हणजे काय, हे तिने मला कळवलं आहे. सोबत तिच्या पत्राची नक्कल पाठवते. वाच आणि सांग, मी काय लिहू? कारण टीना, मला ते आठवत नव्हतं. पत्र वाचल्यावर सगळं आठवलं, काळ्या कागदाला लावलेल्या खळीचा वाससुद्धा. पण तिने तर विचारलं आहे, आठवत होतं का.

रेणूमावशी


पुणे,
२०२४-१२-२०

मावशी,

मला कान धरून उभं कर.

तो तयार कोड अमेरिकेतून आला आहे, आणि तिथे महिना आधी लिहितात, दिवस मागून. त्याला १२/३ दिसलं की तो म्हणतो, बारावा महिना, तिसरा दिवस. केशवकाकांचं ५/१२ त्याने बारा मे केलं, म्हणून त्यांना कार्ड नाही. गुरुजींचं १२/८ म्हणजे आठ डिसेंबर. मग माझी २७/९ बरोबर कशी आली? तर सत्ताविसावा महिना नसतो, हे त्याला कळतं. तिथे तो गुपचूप उलटं वाचतो आणि कोणाला सांगत नाही. म्हणजे ज्यांचा जन्म महिन्याच्या बारा तारखेनंतरचा ते सगळे वाचले, आणि मी नेमक्या तशाच तीन तारखा तपासल्या. एखादा अडाणी निदान विचारतो तरी, बाई इथं काय लिहिलंय. हा विचारतच नाही.

एकशे बेचाळीसपैकी अठ्ठावन्न तारखा उलट्या लागल्या होत्या. त्या मी हाताने सुधारल्या. जानेवारीचा गठ्ठा छापून तयार होता, पण मी छापखान्यात फोन करून थांबवायला सांगितलं आहे. ते "हो मॅडम" म्हणाले.

दुमडलेलं पान मी पाहिलं होतं. मला वाटलं वही जुनी आहे.

पत्राची नक्कल दोनदा वाचली. माझं ऐकशील तर रितामावशीला काही सांगू नकोस. एवढ्या चुकांत एक चूक आपल्या बाजूने पडली आहे. ती पडू दे.

टीना


भंडारा,
गुरुवार, २६ डिसेंबर २०२४

माझी रिता,

तुझं पत्र मी देवघरात ठेवलं आणि मग तिथून काढून पुन्हा वाचलं, असं चार वेळा झालं.

तीन डिसेंबर मी कशी विसरेन? तो केक अजून डोळ्यांपुढे आहे, वर बदामाचा एक काप लावलेला, तो तुझ्या वाट्याला आला होता. ते काळे कागद, तुझ्या दोन वेण्यांच्या रिबिनी, सिस्टर इग्नेशियांचा पट्टीवरचा हात. अशा गोष्टी विसरायच्या म्हटल्या तरी विसरता येत नाहीत.

तू एकोडीत आहेस, हे वाचून मी एसटीचं वेळापत्रक काढून बसले. मी तुला सातासमुद्रापार समजत होते आणि तू साकोलीच्या पुढच्या गावात लाखोळी निवडत होतीस.

मनगटामुळे जास्त लिहवत नाही. मागचं सगळं आपण भेटून बोलू.

तुझी,
रेणू


एकोडी,
११ जानेवारी २०२५

रेणू,

केकवर बदाम नव्हता. एकाहत्तर साली हॉस्टेलच्या केकवर बदाम कुठला? रवा होता, आणि खालून करपलेला होता. ते वाचून मी थोडी थांबले होते. मग स्वतःला म्हटलं, वय झालं, चालायचंच.

सात जानेवारीला अंकुशला तुझं कार्ड आलं. "आज तुझा दिवस. सकाळपासून तुझी आठवण आहे." शब्द न शब्द तेच. अक्षर तेच, वेलांटीचा झोकसुद्धा तोच. मी डब्यातून माझं काढून शेजारी ठेवलं. दोन्ही 'आठवण'मधला ण एकसारखा वाकडा आहे.

त्याची तारीख शाळेच्या दाखल्यावर १ जुलै आहे. त्याची आई सांगते तो दिवाळीत झाला. सात जानेवारी हा त्याचा कोणता दिवस, हे घरात कोणालाच माहीत नाही. बरं, तो एकटा नाही. गावात तुझ्या शाळेतले सात जण निघाले. पानठेल्यावर सगळ्यांनी आपापली कार्डं जुळवून पाहिली. अंकुश म्हणाला, "आत्या, बाईंले सकाळपासून साऱ्याइची आठवण येऊन राहिली, मंग दुपारी बाई काय करतेत?" सगळे हसले. मीही हसले. मग घरी येऊन डाळीच्या डब्याचं झाकण लावलं.

मी पहिल्या पत्रात एक प्रश्न विचारला होता. तू उत्तर दिलंस, "कशी विसरेन?" हे उत्तर नाही, हा प्रश्न आहे. सिस्टर इग्नेशिया असत्या तर शून्य मार्क दिले असते.

आठवत होतं की नव्हतं?

रिता


भंडारा,
रविवार, १९ जानेवारी २०२५

रिता,

नव्हतं.

मनगट मोडलं म्हणून माझ्या भाचीने, टीनाने, माझ्या अक्षरात कार्डं छापायची व्यवस्था केली. वहीत तुझं नाव आहे, १२/३. तिच्या यंत्राने ते उलटं वाचलं आणि बारा मार्चचं कार्ड तीन डिसेंबरला पाठवलं. १ जुलैचे सगळे तसेच सात जानेवारीचे झाले. ती कार्डं थांबवायला सांगितली होती, छापखान्याने "हो" म्हणून पोस्टात टाकली. तुझं पत्र येईपर्यंत मला तीन डिसेंबर आठवला नव्हता. बदाम मी लावला, खोटं खरं वाटावं म्हणून. तू माझ्यावर विश्वास टाकला होतास आणि मला तो परत करवेना, एवढंच माझं कारण. ते पुरेसं नाही, हे मला ठाऊक आहे.

आता लपवायला काही उरलं नाही, तर दुसरंही सांगते. तू लिहितेस की मी निरोप द्यायला आले नाही. मी आले होते. तू स्वेच्छानिवृत्ती घेऊन अमेरिकेला निघालीस, तेव्हा मी तुला वाईट बोलले होते. तिथे लेकीची धुणीभांडी करशील, म्हणाले होते. ते मनात सलत होतं. खुशबूची ई-मेल आली, आईला निरोप म्हणून जेवण, दुपारी बारा, जवाहरनगरच्या आपल्या क्वार्टरवर. मी मोहाडीला जाऊन तुझ्यासाठी कोशाच्या रेशमाची साडी घेतली. पाच जूनला भर उन्हात फॅक्टरीच्या गेटपासून चालत आले, तर दारावर दुसऱ्याच कुणाच्या नावाची पाटी. आतून एक बाई आली, तिने पाणी दिलं. म्हणाली, "मॅडम तं गेल्या ना मागच्या महिन्यात. मस्त जेवण झालं, फोटो झाले. तुमाले नाही सांगितलं काय?"

मला वाटलं, माझ्या तोंडाने जेवणाची चव जाऊ नये म्हणून मला मुद्दाम चुकीची तारीख कळवली. साडी ट्रंकेत टाकली आणि तुझं पान दुमडलं. ई-मेल मी छापून घेतली होती, तीही साडीच्या घडीत आहे. तारीख अगदी स्वच्छ लिहिलेली आहे, ०५/०६

इथे पेन थांबलं, रिता. उठून ट्रंक उघडली. कागद आता समोर आहे. ०५/०६/२०१४. खुशबू तेव्हा अमेरिकेत सहा वर्षं राहिलेली होती.

तू कोणत्या तारखेला निघालीस?

रेणू


एकोडी,
२८ जानेवारी २०२५

रेणे,

सहा मे.

सहा मेला दुपारी बारा वाजता जेवण होतं. तुझं ताट मी झाकून ठेवलं होतं. वांग्याची भाजी तुला आवडते तशी, बिनगुळाची केली होती. तीन वाजता नागपूरला जायला गाडी आली. मी ड्रायव्हरला म्हटलं, अजून एक बाई यायची आहे. त्याने दोनदा हॉर्न वाजवला. साडेतीनला ते ताट डोमादादाने खाल्लं आणि म्हणाला, "भाजीत गूळ नाही." विमानात मी एकच ठरवलं, हिला आता आयुष्यात पत्र नाही.

तुझं पत्र वाचल्यावर मी खुशबूला फोन लावला. तिकडे पहाट होती, ती घाबरली. मी म्हटलं, पाच-सहा म्हणजे काय? ती म्हणाली, पाचवा महिना, सहा तारीख, का गं? मी म्हटलं, तुझी रेणूमावशी एक महिना उशिरा जेवायला आली होती, तिला आता वाढायचं आहे. तिने मला सगळं पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, आई, मला तिचा पत्ता दे. तुला तिचं कार्ड येईल. तारीख जपून वाच.

आता तुझं "नव्हतं". ते मी रात्रभर चघळलं, हे खोटं सांगणार नाही. सकाळी डोमादादाला सगळं वाचून दाखवलं. तो म्हणाला, "तुले आठवत होतं, तिले नोहतं. पन तिनं उन्हात साडी आनली, तुनं सावलीत तिचं ताट मले खाऊ देल्लं. बराबर झालं." त्याला गुळाचं अजून विसरता आलेलं नाही.

मी येते. साकोलीहून सकाळची एसटी पकडीन. सिस्टर इग्नेशियांच्या नियमाने लिहिते, दोनदा वाच: बुधवार, बारा मार्च, दोन हजार पंचवीस. उलटं वाचायला जागा ठेवलेली नाही.

साडी कोणत्या रंगाची आहे?

रिता


भंडारा,
शुक्रवार, १४ मार्च २०२५

लाडक्या टीनास,

ती आली. एक गाडी आधीच आली, कारण तिचा माझ्या कॅलेंडरवर विश्वास नाही. मी केस विंचरत होते, ती दारातून म्हणाली, "ह्या वेळी पाटी तुझ्याच नावाची आहे ना, बघून घेतलं."

साडी पिवळी आहे आणि तिला पिवळा आवडत नाही. दहा वर्षांच्या घडीवर ती विरलीही आहे. तरी ती लगेच साडी नेसली. आता ती बावन्न किलोची नाही आणि मीही नाही, त्यामुळे निऱ्यांना मी खाली बसून आणि ती भिंतीला धरून अशी अर्धा तास कसरत झाली. केशवराव भाऊजी तेवढ्यात आले. त्यांना तुझं माफीचं कार्ड मिळालं आहे, ते खिशात घेऊन फिरतात आणि लोकांना सांगतात, "पुन्याहून आलं, माह्यासाठी येगळं छापलं." बारा मेला चुकून आणखी एक आलं तर आपली हरकत नाही, असंही म्हणाले. पार्वताबाईंनी शिरा पाठवला होता.

रिताने केक आणला होता. रव्याचा, खालून करपलेला. म्हणाली मुद्दाम करपवला. मला ते खरं वाटत नाही. तिने मोडला आणि मोठा तुकडा स्वतःकडे ठेवला.

आता कामाचं. तू लिहिलं आहेस की सगळ्या तारखा दुरुस्त झाल्या, आता वर्ष-महिना-दिवस असंच लिहिलेलं असेल, कोणी चुकीचं वाचू शकणार नाही. फार छान. पण रिताच्या नावापुढे दोन ओळी ठेव. एक बारा मार्च. दुसरी तीन डिसेंबर. तुझा प्रोग्राम म्हणेल एका माणसाला दोन दिवस नसतात. त्याला सांग, मावशीने सांगितलं आहे.

मात्र तीन डिसेंबरचं कार्ड छापू नकोस. मला फक्त चार दिवस आधी एक फोन कर आणि म्हण, मावशी, डिसेंबर आला. माझ्या आठवणीचा भरवसा मला राहिलेला नाही, आणि तो आहे असं आता मी कोणाला सांगणारही नाही. बोटं रोज व्यायाम करत आहेत. कार्ड मी हाताने लिहीन. चार दिवसांत चार ओळी होतात.

वहीतल्या त्या पानाचा कोपरा काल सरळ केला. वरून जाड शब्दकोश ठेवला आहे. दहा वर्षांची घडी आहे, एवढ्यात जाणार नाही.

तुझी,
रेणूमावशी